वाघोबाचा तक्ता

औंढ्याच्या रखमाजी मास्तरांनी देवाला दगड ठरवायचा चंगच बांधला होता. गाव ज्याला वाघोबा म्हणून शेंदूर फासतं, तो निव्वळ शिवेचा धोंडा आहे, असं पुण्याच्या इतिहास परिषदेत ठणकावून सांगायला त्यांनी भाषण लिहिलं, कापडावर भलामोठा तक्ताही रंगवायला घेतला. पण लेक तापानं फणफणलेली. लोणावळ्याच्या डॉक्टरांनीही मान हलवली, तेव्हापासून मास्तरांची एक रेघ सरळ येईना.

निघायच्या सकाळी बायको, सरूबाई, धावत आली. "अवं, ताप उतरला! पोर भाकर मागतीया!"

मास्तरांनी तक्ता गुंडाळता गुंडाळता डोळे पुसले.



"आता नवस तेवढा तुमी फेडा. म्या वाघोबाला बोललेय, पोर उठली की आमचं मालक पुन्याच्या परिषदेत तुझा महिमा सांगत्याल."