हिरवा निकाल

डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर केतकी एकाएकी ताठ झाली. तिची दातखीळ बसली आणि हातपाय झटके देऊ लागले. सकाळपासून ती म्हणत होती, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत. "निकाल हिरवा आहे ना? मग ऊन बाधलं असेल," म्हणत सासूबाईंनी तिची ओटी भरली होती.

शेजारी बसलेली नणंद मैथिली पांढरीफटक पडली. ती बेळगावला दिलेली, तीही सात महिन्यांची. तिसऱ्या महिन्यात दोघी इथंच असताना आरोग्यसेविका घरी यंत्र बसवायला आली होती. गरोदर बाईचा रक्तदाब पुढं चढणार का, ते यंत्र रक्ताच्या एका थेंबावरून सांगायचं. निकाल लाल आला की बाईला बाळंतपणापर्यंत तालुक्याच्या दवाखान्याच्या निवासात ठेवत.

"वन्सं, माझ्या बहिणीचा लाल आला होता. मला नाही तिथं राहायचं," केतकी रडली होती. सेविका फोनवर बोलत बाहेर गेली, तेवढ्यात मैथिलीनं केतकीच्या जागी स्वतःचं बोट यंत्रावर टोचलं होतं.

दवाखान्याची गाडीही यंत्रच रक्त ओळखून बोलावायचं; आता मैथिलीनं केतकीचं बोट त्यावर टोचलं.

"हे रक्त केतकीचं नाही," यंत्र म्हणालं. "गाडी पाठवता येत नाही."

दवाखान्याचं दारही त्याच्याच चिठ्ठीवर उघडायचं. मैथिलीनं स्वतःचं बोट टोचलं.

"नमस्कार केतकी," यंत्र म्हणालं. "तुमची तब्येत उत्तम आहे. गाडीची गरज नाही."