येते म्हणावं

परदेशातून द्वारकाकाकूंच्या सेवेला आलेल्या मारिसेलच्या कामाच्या परवान्याची चार वर्षं आज बारा वाजता संपत होती. तिच्या मनगटावरचा सरकारी पट्टा तिचा शब्द न् शब्द ऐकत होता. त्यात नियमभंगाची कुठलीही नोंद न होता देश सोडला, तर तीन महिन्यांनी तिला काकूंकडेच परत येता येणार होतं.

अंथरुणाला खिळलेल्या द्वारकाकाकूंनी तिच्या तळहातावर दही घातलं. "आता नवी बाई येईल आणि माझ्या एकादशीच्या भगरीत हळद घालेल."

"मीपण घातली होती, काकू."

"म्हणून तर म्हणते, मला आता दुसरीला शिकवायला लावू नकोस."

मारिसेल हसली, पाया पडली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "जाते, काकू."

"अगं, जाते काय! येते म्हणावं."

मारिसेलने जीभ चावली. "चुकले. येते, काकू."

पट्टा लाल झाला. "विनापरवाना परतण्याचा इरादा नोंदवला आहे. कायमची प्रवेशबंदी."

"अहो, ही आमची निरोपाची रीत आहे!" काकूंनी पट्ट्याला हात जोडले, पण तो फक्त मारिसेलचाच आवाज ओळखत होता. उंबऱ्यावर तो अशुभ शब्द जन्मात कुणाला उच्चारू न दिलेल्या काकू ओरडल्या, "जाते म्हण गं पोरी, जाते म्हण!"

"जाते, काकू," मारिसेल रडत म्हणाली.

पट्टा लालच राहिला.