पांढरी बाजू

"पांढरी बाजू वर आली की एक रेघ मारायची," असं सांगून मी दहावीच्या वर्गात दोन पुड्या वाटल्या. प्रत्येकीत चिंचोक्याची चार अर्धुकं. एक पुडी माझी, दुसरी माझ्या बायकोची. तिच्या आजारपणात आम्ही रोज संध्याकाळी त्यांवर पट खेळायचो. जितकी पांढरी पडतील, तितकी घरं पुढे. ती गेली त्याला आता चार महिने झाले.

शंभर-शंभर वेळा टाकून झालं. चारशेत साधारण निम्मी पांढरी यायला हवीत. तिच्या पुडीची आली दोनशे तीन, केतकी टाकत होती त्या माझ्या पुडीची दोनशे एक्क्याण्णव.

"सर, केतकीनं हातचलाखी केली!" मागून एकजण ओरडला.

"मग तूच टाक की!" केतकीनं पुडी त्याच्या हातात दिली. त्याचंही तेच झालं. तेव्हा तिनं एक अर्धुक उलटं करून त्यावर बोट फिरवलं. "सर, ह्यांची पाठ कुणीतरी घासून सपाट केलीय. म्हणून पांढरी बाजूच जास्त वेळा वर येते."

चिंचोके बायकोनंच फोडले होते. "आज मी जिंकलो तर तू बरी होणार," असं मी रोज म्हणायचो, आणि बहुतेक रोज जिंकायचो.

"खोटे आहेत सर. टाकून देऊ?"

"नको. अजून शंभर वेळा खेळा."

तिनं मला किती झुकतं माप दिलं होतं, ते मला नेमकं बघायचं होतं.