सगळेच?

"सगळेच दात दुखताहेत," काका म्हणाले.

"सगळेच? की एखादाच?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, दात तपासले आणि एकाच दाताच्या हिरडीत इंजेक्शन दिलं.

खुर्ची मागे झुकली. तोंडात नळी, डोळ्यांवर दिवा, छातीवर प्लास्टिकचा रुमाल. 'सगळेच? की एखादाच?' असं त्यांना रोज एकच माणूस विचारायचा, तोही फोनवरच्या चर्चेच्या ग्रुपवर. नाव शेंगदाणा, फोटोही शेंगदाण्याचाच.

काका म्हणजे निवृत्त बस कंट्रोलर, पण त्या ग्रुपवर नाव 'रोखठोक', फोटो मात्र स्वतःचा, मिशांसकट. समोरच्या पक्षाला मत देणारे झाडून सगळे दगडाच्या काळजाचे, हे त्यांचं लाडकं वाक्य. घरात मात्र ते राजकारणाचा विषय काढत नसत. बायकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. काकूही कधी वाद घालत नसत.

शेंगदाण्याने मात्र पिच्छाच पुरवला होता. काल काकांचा तोल सुटला आणि त्यांनी लिहून टाकलं, 'तुमच्याबरोबर राहणाऱ्याची मला कीव येते.'

"रोखठोक तुम्हीच ना?" डॉक्टरांनी पक्कड उचलली. "मिशांवरून ओळखलं. आमचं अख्खं घर त्याच पक्षाचं."

काकांना सारवासारव करायची होती. तोंडातून नुसतंच 'आँ' निघालं. उठावं तर दिवा आडवा, बोलावं तर जीभ बधिर. बरे सापडलो शेंगदाण्याच्या तावडीत, त्यांना वाटलं.

"दुखलं तर हात वर करा, काका."

काकांनी डोळे गच्च मिटले. हात वर करायची वेळ आलीच नाही. डॉक्टरांनी हलक्या हाताने दात काढला, कापूस ठेवला, वर कपाळावरचा घामही टिपला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अर्धा तास बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

बाहेर बाकावर काकू फोन बघत बसल्या होत्या. त्यांनीच काकांना इथे ओढून आणलं होतं. काका शेजारी टेकले. तोंडाने माफी मागायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी शेंगदाण्याला लिहिलं, 'सगळेच तसे नसतात, आज पटलं. काल फार बोललो. माफ करा.'

आत ड्रिलची घरघर सुरू झाली. काकूंनी चष्मा सारखा केला.

लगेच उत्तर आलं.

'माफ केलं. पण माझ्याबरोबर राहणाऱ्याची आज मलाही कीव येतेय. आत्ताच दात काढलाय, अर्धा तास बोलायचं नाहीये.'