मालासाठी

"हे तणस आमच्यासाठी तर नाही ना पसरलं, श्रावकजी?"

गुरुणीजी गोदामाच्या उंबऱ्याशीच थांबल्या होत्या. वय शहात्तर, सकाळपासूनची पायपीट, अंगावर पांढरी सुती चादर. मागे आणखी दोन साध्वी. 'हो' म्हटलं की तिघी उंबरा ओलांडणार नाहीत, हे हुकमीचंदांना पक्कं ठाऊक होतं. जैन साध्वींना त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम केलेलं काहीच चालत नाही. दुसऱ्या कशासाठी केलेलं असेल तर चालतं. शेकोटीचं तर नावच काढायचं नाही.

आणि इथे तर सगळं त्यांच्याचसाठी केलेलं. सकाळी मोबाइलवर इशारा आला, दोन दिवस थंडीची लाट, वारा, गारा. पाठोपाठ अक्कलकुव्याच्या डोंगरात दव गोठल्याचे फोटो आले. तेव्हापासून हुकमीचंद काही जागचे बसले नव्हते. विसरवाडीच्या हायवेलगतचं हे त्यांचं गोदाम, कोपऱ्यात तुरीची पोती, बाकी रिकामं. खिडक्यांना त्यांनी बारदान ठोकून घेतलं, पत्र्याच्या फटींत चिंध्या कोंबल्या, खाली तणसाचा जाड थर दिला. हमाल दलसिंग सहज म्हणाला, "आज रातले पानी बी गोठी जाई, शेठ," तर शेठनी त्याला आणखी दोन पेंढ्या आणायला पिटाळलं.

मागच्या दोघींतली धाकटी खोकत होती. सुव्रताश्रीजी. आठ वर्षांपूर्वी दीक्षा घेतली, तोवर ती हुकमीचंदांची अल्पना होती. तेव्हापासून बापच तिला वाकून वंदना करतो आणि महाराज साहेब म्हणतो. दिवाळीनंतर तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा छातीत थंडी भरली तर आमच्या हातात काही राहणार नाही. पुढचं स्थानक, म्हणजे साध्वींच्या मुक्कामाची जागा, दहा किलोमीटरवर, आणि तिला दहा पावलं चालवत नव्हती. घरी न्यावं, तर पुरुष राहतात त्या घरात साध्वी रात्रीच्या उतरत नाहीत. म्हणजे एक तर हे गोदाम, नाहीतर त्याच्यासमोरची उघडी ओसरी. गुडघ्यांनी घरात बसवलेल्या कंकुबाईंनी, म्हणजे अल्पनाच्या आईने, नवऱ्याला निघताना एवढंच सांगितलं होतं की काय वाटेल ते करा, पण पोरीला आत झोपवा.

हुकमीचंदांनी भाव सांगितला की लोक दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसत, अशी त्यांची ख्याती. खोटं बोलायचं, आणि तेही साध्वीसमोर! घशाला कोरड पडली. पण पोरीचे ओठ निळसर दिसत होते. पाप लागायचं ते लागो, त्यांनी मनाशी ठरवलं.

"नाही महाराज साहेब," ते म्हणाले. "मालासाठी. गारा पडणार आहेत."

गुरुणीजींनी मान डोलावली. शेठ म्हणतात म्हणजे तसंच असणार. दुसऱ्या साध्वीचा हात धरून त्या आत गेल्या, तणसावर टेकल्या. हुकमीचंदांचा जीव भांड्यात पडला.

सुव्रताश्रीजी मात्र ओसरीतच उभ्या. त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली, खिडक्यांचं बारदान पाहिलं, मग खालचं तणस.

"या गोदामात तणसाची एक काडी दिसली तरी तुम्ही हमालांवर ओरडायचात," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "उंदीर होतात, पोती फोडतात म्हणून."

 लहानपणी ती दिवसदिवस याच पोत्यांवर खेळायची, हे हुकमीचंदांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"गुरुणीजींना ठाऊक नाही, त्यांना दोष नाही," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे."

मग मी आत्ता जाऊन खरं सांगतो, म्हणत हुकमीचंद वळले. सांगा, ती म्हणाली, मग गुरुणीजीही या वाऱ्यात येऊन बसतील. त्यांचा पाय तिथेच थबकला. दोन म्हाताऱ्या पायांना ऊब मिळाली होती ती त्यांच्या खोट्यामुळे, आणि ज्या पोरीसाठी ते बोलले तीच बाहेर राहिली होती. रडूच कोसळायचं बाकी होतं. "अल्पना," त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्या नावाला तिने ओ दिली नाही. ओघ्याने, म्हणजे लोकरीच्या मऊ झाडणीने, तिने ओसरीतली हातभर फरशी हळूच झाडली, एखादी मुंगी अंगाखाली येऊ नये म्हणून, आणि बसली. खोकल्याची उबळ आली तशी तोंडावरची मुहपत्ती, ती पांढरी कापडी पट्टी, हाताने दाबून धरली. आत ऐकू जायला नको होतं.

सूर्य डोंगराला टेकला. सूर्यास्तानंतर साध्वींच्या मुक्कामी पुरुषाने थांबायचं नसतं. हुकमीचंद वंदना करून निघाले. रस्त्यापलीकडेच घर, पण तेवढं अंतर कापताना वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं, निदान त्यांनी ते वाऱ्यावर ढकललं.

कंकुबाई शेगडीशी बसून वाटच पाहत होत्या.

"आत गेली ना पोर?"

"हो. आत आहे."

या वेळी घशाला कोरडबिरड काही पडली नाही. कंकुबाईंनी हात जोडून देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात पत्र्यावर गारा वाजायला लागल्या. हुकमीचंदांनी स्वेटर काढला, कानटोपी काढली, खिडकी उघडली आणि नुसत्या सदऱ्यावर तिथेच उभे राहिले. कंकुबाईंनी बसल्या जागेवरून गोधडी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. बराच वेळ ती तशीच हातात धरून कंकुबाई त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

"आत आहे म्हणता," त्या हळूच म्हणाल्या, "मग गोधडी का नाही घेत?"