पाण्यात काहीही टाकू नये

बोटीवर पाटी होती: ‘संरक्षित प्रवाळक्षेत्र. पाण्यात काहीही टाकू नये.’ तिच्याखालीच बसून गाईड बिस्किटांचा पुडा फोडत होता.

“लाज वाटत नाही?” मी म्हणालो.

“काका, बिस्किटाशिवाय मासे येनत नाय. मगे गिऱ्हायका माकाच गाळी घालतत.”

बाकीचे मास्क लावून उतरले आणि मासे बघायचे सोडून फोटोसाठी अंगठे दाखवत बसले. ही असली थेरं, म्हणून मी बायकोला इथे कधी आणलं नाही. ती दरवर्षी म्हणायची, “एकदा मासे बघूया हो.”

मी खिशातली पुरचुंडी उघडून तिची रक्षा पाण्यात सोडली. गाईडने पाहिलं, पाटी दाखवली नाही. मासे झेपावले, तोंड लावलं आणि लगेच पांगले.

त्याने उरलेली बिस्किटं माझ्या हातावर ठेवली. मी ती बारीक चुरली.