तेरावी पायरी

तिसऱ्या फेरीच्या लोकांना दारापर्यंत पोचवून गाईडबाई मागच्या जिन्याशी आल्या, तेव्हा सुतारमिस्त्री त्यांच्या तेराव्या पायरीवर ठाण मांडून तिलाच पट्टी लावत होते.

बंगला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, आता तिकीट काढून बघायचा. पुढचा जिना इतका ऐसपैस की घोडा चढवावा. कोरीव कठडा, रंगीत काचा, वर झुंबर. मागचा जिना नोकरमाणसांचा. तिथं दोघं समोरासमोर आले तर एकानं भिंतीत शिरावं. बाईंचे गुडघे पुढच्या जिन्यावर मुकाट राहत, मागच्यावर बोलू लागत. तरी गेली एकोणीस वर्षं, दिवसाला पाच फेऱ्या, त्या लोकांना इथं आणतच होत्या. कारण अख्ख्या बंगल्यात लोक एकदाच हसत, ते या पायरीवर. बाकीच्यांपेक्षा ती दोन बोटं उंच.

"मालकांचं डोकं बघा," बाई सांगत. "चोर अंधारात अडखळावा म्हणून मुद्दाम ठेवलीय!"

"चोराचं काय घेऊन बसलात, बाई," मिस्त्री म्हणाले. "दोन सुतार होते. एकानं जिना खालून घेतला, एकानं वरून. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला असणार. मधे येऊन जुळेना, तेव्हा उरलंसुरलं सगळं हिच्या माथी मारलं. जिन्याखालच्या कपाटात शिरून बघा. खालच्या बारांवर एका हाताच्या पटाशीच्या खुणा, वरच्या दहांवर दुसऱ्याच्या."

"पण मुद्दाम नाही कशावरून?"

"मुद्दाम करणारा एवढ्या पाचरी ठोकत नाही. त्या लाज झाकायला ठोकतात."

बाई खालच्या पायरीवर टेकल्या. गुडघा चोळायचंही त्यांना सुचलं नाही.

"माझी आई इथं कामाला होती," त्या म्हणाल्या. "अंघोळीच्या कढत पाण्याची बादली घेऊन इथंच पडली. मालकीणबाई म्हणाल्या, पायरी मुद्दाम तशी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, तुझे डोळे कुठं होते? आई मरेपर्यंत म्हणायची, चूक माझीच."

मिस्त्रींनी पट्टीची घडी घातली.

"ऑफिसला लिहून द्यायचंय. मुद्दाम केलेली म्हटलं तर जशीच्या तशी ठेवतील. चूक म्हटलं तर तेवीसच्या तेवीस उतरवून नव्यानं बसवायच्या. मग तुमचे लोक हसणार कुठं?" त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "काय लिहू?"

"आहे ते लिहा," बाई म्हणाल्या आणि कठडा धरून उठल्या.

चौथी फेरी जिन्याशी येऊन उभी राहिली. "मालकांचं डोकं..." सवयीनं बाईंच्या तोंडून निघालं. त्या थांबल्या.

"ही पायरी चुकलेली आहे. सुतारांच्या हातून."

कुणी हसलं नाही. एक चष्मेवाले गृहस्थ पायरीवर पाय ठेवून, काढून पाहत होते.

"मग इतक्या वर्षांत मालकांनी दुरुस्त कशी करून घेतली नाही?"

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी पाय दोन बोटं जास्त उचलून वर ठेवला.

"मालक या जिन्यानं कधी चढलेच नाहीत."